स्टेअरिंगचे सांधे घरी बदलताना: पुलर, टॉर्क पाना आणि मोजमाप

विदर्भातील खेड्यात फिरणाऱ्या गाडीचे स्टेअरिंग शहरातील गाडीपेक्षा लवकर ढिले होते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा रस्त्यातच असते. पांदण रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाडीने पाडलेल्या खोल चाकोऱ्या, पावसाळ्यात चाकाच्या आतल्या बाजूला थापून बसणारी काळी माती आणि तीच माती वाळल्यावर उडणारी बारीक धूळ या तिघांचा मारा पुढच्या चाकांमागील सांध्यांवर सतत होत असतो. सांध्यावरील रबरी बूट, म्हणजे धूळ आत जाऊ न देणारे आवरण, एकदा फाटला की ही धूळ ग्रीसमध्ये मिसळते आणि पॉलिश पेपरप्रमाणे आतला गोळा घासत राहते. पांदणीवर त्याचा फक्त खडखडाट ऐकू येतो, परंतु तीच गाडी दुसऱ्या दिवशी ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेच्या समृद्धी महामार्गावर जाते आणि तिथे झिजलेला सांधा जिवावर बेतू शकतो.

हे सांधे बदलणे नवशिक्याला जमण्यासारखे आहे, मात्र त्यासाठी काही खास अवजारे लागतात. आपल्याकडे हे काम बहुधा घणाच्या जोरावर उरकले जाते. सांधा निघतो हे खरे, पण त्याबरोबर आटे चेपतात, चांगला बूट फाटतो आणि कधी नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसते आणि वळते त्या लोखंडी भागाला, तडाही जातो. ज्याला हे काम स्वतः करायचे आहे त्याने हातोड्यावरचा भर कमी करून पुलरवर, म्हणजे दाब देऊन सांधा सोडवणाऱ्या अवजारावर, आणि मोजपट्टीवर भर द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सांधा कसा धरून बसतो, हे आधी समजून घ्यावे

बहुतेक लहान गाड्यांत रॅक आणि पिनियन प्रकारचे स्टेअरिंग असते. स्टेअरिंगचा खांब पिनियन फिरवतो, पिनियनमुळे दातेरी रॅक डावी-उजवीकडे सरकतो, रॅकच्या दोन्ही टोकांना आतला सांधा म्हणजे रॅक एंड असतो, त्यापुढे दांडी असते आणि दांडीच्या टोकाला टाय रॉड एंड हा बाहेरचा सांधा असतो. जुन्या जीपसारख्या गाड्यांत रॅकऐवजी स्टेअरिंग बॉक्स असतो आणि बॉक्सची हालचाल दांड्यांपर्यंत नेणारा पिटमन आर्म त्याला जोडलेला असतो.

टाय रॉड एंडचा स्टड, म्हणजे सांध्यातून बाहेर आलेला आट्यांचा खुंट, एका टोकाला निमुळता असतो आणि नकलच्या तशाच निमुळत्या छिद्रात तो रुतून बसतो. या रचनेला टेपर म्हणतात. वरचा नट स्टडला छिद्रात ओढून घट्ट बसवतो, पण प्रत्यक्ष पकड टेपरच्या दोन पृष्ठभागांमधील घर्षणाची असते. त्यामुळे नट पूर्ण काढला तरी सांधा जागचा हलत नाही, आणि नवशिका गोंधळून हातोडा उचलतो तो इथेच. टेपर सोडवायला लागते ते स्टडच्या टोकावर अक्षाच्या सरळ रेषेत पडणारे जोरदार दडपण. पुलर नेमके तेच करतो.

दोष नक्की कुठे आहे

अवजारे घेण्याआधी दोष ओळखावा. इंजिन बंद ठेवून, चाके सरळ आणि जमिनीवर असताना स्टेअरिंग बोटांनी हळूच डावी-उजवीकडे हलवावे. चाक न हलता स्टेअरिंगच्या कडेवर जेवढा खेळ मिळतो तो अनेक लहान गाड्यांत ३० मिलिमीटरपर्यंत चालतो, त्याहून जास्त असेल तर शोध घ्यायला हवा. पॉवर स्टेअरिंग असल्यास ही तपासणी गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंजिन चालू ठेवून करावी.

त्यानंतर पुढचे एक चाक उचलून, गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवून, चाक घड्याळातील ३ आणि ९ च्या जागी दोन्ही हातांनी धरावे आणि आळीपाळीने ओढावे-ढकलावे. या दिशेने टकटक जाणवली तर संशय टाय रॉड एंड किंवा रॅक एंडवर घ्यावा. १२ आणि ६ च्या जागी धरल्यावर खेळ जाणवला तर तो बहुधा खालच्या बॉल जॉइंटचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असतो, आणि तो या लेखाचा विषय नाही. घरातील दुसऱ्या माणसाला चाक हलवायला सांगून आपण सांध्यावर बोटे ठेवली, तर नेमका कोणता सांधा सैल आहे हे हाताला लगेच कळते. रॅक एंड बुटाच्या आत झाकलेला असतो, म्हणून तो बूट दाबून बाहेरूनच चाचपावा.

अवजारे

सर्वांत आधी टाय रॉड एंड पुलर घ्यावा. बाजारात याचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला काट्याच्या आकाराचा असतो. तो सांधा आणि नकल यांच्या मध्ये घालून मागून हातोड्याने ठोकतात. तो स्वस्त आहे आणि सांधा सोडवतोही, पण बूट जवळजवळ हमखास फाडतो. जुना सांधा फेकूनच द्यायचा असेल तर एक वेळ चालेल, परंतु बॉल जॉइंट किंवा दुसरे काही काम करण्यासाठी चांगला सांधा तात्पुरता सोडवायचा असेल तर तो वापरू नये. दुसरा प्रकार जबडा आणि स्क्रूचा असतो. त्याचा जबडा नकलच्या कडीखाली, म्हणजे स्टडचे छिद्र असलेल्या भागाखाली, बसतो आणि स्क्रू स्टडच्या टोकावर दाब देतो. नवशिक्याने हाच घ्यावा. घेताना जबड्याचा फाका आपल्या गाडीच्या नकलच्या जाडीला पुरतो का ते पाहावे, शक्य असल्यास जुना सांधा सोबत नेऊन दुकानातच लावून बघावा. स्क्रू बारीक आट्यांचा असावा. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी पट्टी वाकवून केलेला पुलर टाळावा, कारण या कामात प्रचंड ताण येतो आणि कच्च्या लोखंडाचा तुकडा उडाला तर थेट डोळ्यावर येतो.

रॅक एंडसाठी वेगळे अवजार लागते. ही एक लांब पोकळ नळी असते. तिच्या एका टोकाला वेगवेगळ्या मापांच्या चकत्या बसतात आणि दुसऱ्या टोकाला अर्ध्या इंचाचा रॅचेट लागतो. रॅक एंड अडचणीच्या जागी असतो, साधा पाना तिथे नीट फिरत नाही, आणि म्हणूनच ही नळी दांडीवरून आत सरकवून वापरतात.

टॉर्क पान्याला, म्हणजे नट किती पिळाच्या जोराने घट्ट झाला ते सांगणाऱ्या पान्याला, पर्याय नाही. लहान गाड्यांत टाय रॉड एंडच्या नटाला साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर आणि चाकाच्या नटांना ८५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क असतो, तरी आपल्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. जुन्या पुस्तिकांत आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेले असतात, त्यांना ९.८ ने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात. या पान्याने कधीही घट्ट नट सोडवू नये. काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणून तो डबीत ठेवावा, आणि वापरताना फक्त मुठीला धरावे, कारण हात पुढे धरला किंवा मागे पाइप घातला तर आकडा खोटा ठरू शकतो.

याखेरीज दोन मजबूत घोड्या, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पक्कड, व्हर्नियर किंवा स्टीलची मोजपट्टी, पांढरा ऑइल पेंट, नव्या स्प्लिट पिना (नट सैल होऊ नये म्हणून त्यातून घालायच्या दुटोकी पिना), नवे बूट व त्यांचे क्लॅम्प आणि डोळ्यांसाठी चष्मा एवढे जमवावे. हा सगळा संच एकट्याने घेणे परवडत नसेल तर गावातील तीन-चार गाडीवाल्यांनी मिळून घ्यावा. पुलर वर्षातून फार तर दोन-तीन वेळा लागतो. गावोगावी शेतकरी गट शेतीची औजारे जशी सामाईक ठेवतात तशी हीही ठेवता येतील, फक्त टॉर्क पाना एका जबाबदार माणसाकडे असावा.

जागा आणि गाडी उचलणे

या कामातील सर्वांत मोठा धोका स्टेअरिंगचा नसून गाडी अंगावर पडण्याचा आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात दबते. दोन्ही वेळी जॅक तिरपा होतो. म्हणून काम कोब्याच्या अंगणात किंवा सिमेंटच्या खळ्यावर करावे. तशी जागा नसेल तर जॅक आणि घोडीखाली किमान दोन इंच जाडीची रुंद सागवानी फळी ठेवावी, आणि पाऊस होऊन गेल्यावर जमीन वरून सुकलेली दिसली तरी तो दिवस टाळावा. मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करावेत आणि मग गाडी उचलावी. गाडीसोबत येणारा कात्रीचा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. गाडी घोड्यांवर टेकवल्यावर ती हाताने जोरात हलवून पाहावी. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांकडे जातो, अवजारे हाताला चटके देतात आणि माणूस घाई करू लागतो, तेव्हा त्या दिवसांत सकाळीच काम सुरू करावे.

बाहेरचा टाय रॉड एंड बदलणे

चाक काढल्यावर सांधा आणि आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. वाळलेली माती आट्यांत राहिली तर ती नटाबरोबर आत जाते. गंजावर स्प्रे मारून अर्धा तास थांबावे.

आता मोजमाप घ्यावे, आणि या पायरीवर वेळ खर्चण्यात कुचराई करू नये. अनेकजण जुना सांधा काढताना आटे मोजतात आणि नवा तेवढेच आटे फिरवून बसवतात. ही पद्धत चांगली आहे, पण नवा सांधा वेगळ्या कंपनीचा असेल तर त्याची लांबी एक-दोन मिलिमीटरने वेगळी असू शकते आणि मग आट्यांची मोजणी फसवते. त्यामुळे दांडीवर पेंटची एक खूण करून त्या खुणेपासून सांध्याच्या स्टडच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे, आणि आटेही मोजावेत. एका आट्याचा फरक किती मोठा असतो ते पाहा. आट्यांचे अंतर १.२५ मिलिमीटर आणि नकलची दांडी सुमारे १३ सेंटिमीटर धरली, तर एका फेऱ्याने चाक अर्ध्या अंशापेक्षा थोडे जास्त वळते आणि लहान गाडीच्या टायरच्या पुढच्या व मागच्या कडेत पाच मिलिमीटरचा फरक पडतो. टो-इनची, म्हणजे पुढच्या चाकांची पुढची बाजू मागच्यापेक्षा किती आत वळलेली असावी याची, परवानगी बहुतेक गाड्यांत त्याहून कमी असते. म्हणजे एकच फेरा चुकला तरी टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने खाल्ला जाऊ शकतो.

मोजमाप झाल्यावर लॉक नट, म्हणजे सांधा दांडीवर जागच्या जागी पक्का ठेवणारा नट, सैल करावा. तो नेहमी टेपर सुटण्याच्या आधी सैल करावा, कारण त्या वेळी सांधा नकलमध्ये घट्ट असतो आणि दांडी धरायला सोपी जाते. दांडीवरील सपाट जागेला दुसरा पाना लावून ती स्थिर ठेवावी, नाही तर बूट पिळला जातो. काही दांड्यांना, विशेषतः जीपच्या मधल्या दांडीला, एका टोकाला उलटे आटे असतात, तेव्हा जोर लावण्यापूर्वी आट्यांचा उतार कोणत्या बाजूला आहे ते पाहून घ्यावे.

मग स्प्लिट पिन काढावी. ती गंजून अडकली असेल तर पक्कडीने वाकलेली टोके सरळ करून मागून हलके ठोकावे. कॅसल नट (पिनेसाठी खाचा असलेला स्टडचा नट) सैल करून तो पूर्ण काढू नये, स्टडच्या टोकाशी समतल येईपर्यंतच वर आणावा. पुलरचा स्क्रू नट आणि स्टड दोघांवर मिळून दाबला की आटे चेपत नाहीत, आणि टेपर सुटताना सांधा उसळून हातावर येत नाही.

पुलरच्या स्क्रूला थोडे ग्रीस लावावे, जबडा नकलच्या कडीवर पूर्ण बसवावा आणि स्क्रू स्टडच्या मध्यावर सरळ आहे याची खात्री करून पान्याने हळूहळू घट्ट करावा. जबडा तिरपा बसला असेल तर लगेच सैल करून पुन्हा लावावा. ताण भरपूर झाला आणि तरीही सांधा सुटला नाही, तर पान्याला पाइप लावून आणखी जोर करू नये. त्याऐवजी ताण तसाच ठेवून नकलच्या कडीच्या बाजूवर हातोड्याने एक-दोन ठोके द्यावेत. कडी क्षणभर किंचित आकार बदलते आणि टेपर मोठा आवाज करून सुटतो. हा आवाज ऐकून नवशिका दचकतो, पण तो योग्य लक्षण आहे. गॅसच्या टॉर्चने सांधा तापवण्याची सवय काही गॅरेजमध्ये दिसते. रबर आणि ग्रीस जळते आणि नकलचा पोलाद नरम पडण्याचा धोका असतो, म्हणून ती टाळावी.

नवा सांधा लिहून ठेवलेल्या अंतरापर्यंत फिरवावा. टेपरचे दोन्ही पृष्ठभाग कोरड्या चिंधीने पुसावेत, त्यावर ग्रीस अजिबात लावू नये. नट घट्ट करताना स्टड नटाबरोबरच फिरू लागला तर सांधा खालून जॅकच्या हलक्या दाबाने किंवा टॉमीने (लोखंडी कांबीने) छिद्रात दाबून धरावा. टॉर्क पान्याने सांगितलेला आकडा गाठल्यावर स्प्लिट पिनचे छिद्र जुळत नसेल तर नट पुढेच फिरवून जुळवावा, जुळवण्यासाठी तो मागे सैल करणे हा गुन्हा समजावा. पिन नवीच घालावी आणि तिची टोके नीट वाकवावीत. लॉक नट मात्र अंदाजानेच लावून ठेवावा, तो टो-इन पाहिल्यावर पक्का करायचा आहे.

रॅक एंड आणि बूट

बाहेरचा सांधा आणि लॉक नट निघाले की बुटाचे क्लॅम्प कापून बूट बाहेर ओढावा. बूट फाटलेला असेल तर त्यात चिखलाचा लगदा सापडतो. तो सगळा पुसून काढावा, आणि रॅकच्या दात्यांवर खड्डे किंवा गंज दिसला तर तिथेच थांबावे, कारण तो रॅक बदलण्याचे काम अनुभवी मिस्त्रीचे आहे.

रॅक एंड फिरवताना सगळा जोर रॅकवर येतो आणि रॅकचे दाते पिनियनवर चढून खराब होऊ शकतात. म्हणून रॅकच्या टोकाजवळील सपाट जागेला पाना लावून तो धरून ठेवावा आणि मगच नळीचे अवजार फिरवावे. लॉक वॉशर असल्यास त्याची वाकवलेली कड आधी छिन्नीने हळूच उघडावी. नवा रॅक एंड टॉर्कने घट्ट करून नव्या वॉशरची कड पुन्हा खोबणीत वाकवावी. बुटाच्या आतल्या काठाला दांडीवर बसण्याच्या जागी थोडे ग्रीस लावावे, म्हणजे टो-इन जुळवताना दांडी फिरवली तरी बूट पिळत नाही. क्लॅम्प बसवून स्टेअरिंग एकदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि बुटाच्या घड्या सारख्या उघडतात-मिटतात का ते पाहावे. आपल्या मातीत या बुटाचा भाव सांध्यापेक्षा जास्त मानावा, कारण तो टिकला तर सांधा टिकतो.

स्टेअरिंग काढणे आणि पिटमन आर्म

स्टेअरिंग काढण्याचा पुलरही मिळतो, पण १ जुलै २०१९ पासून तयार झालेल्या सर्व मोटारींत चालकाची एअरबॅग बंधनकारक आहे आणि त्याआधीच्याही अनेक गाड्यांत ती आहे. एअरबॅग असलेल्या गाडीचे स्टेअरिंग घरी काढू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. टाय रॉडचे काम करतानाही स्टेअरिंग कारण नसताना गरागरा फिरवू नये. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत स्टेअरिंग आणि खांब यांवर जुळती खूण करावी, नट दोन-तीन आट्यांवर राहू द्यावा आणि पुलरनेच ओढावे. खांबावर वरून ठोकल्यास आतले भाग सरकतात, आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगच्या खांबात तर टॉर्क मोजणारा सेन्सर असतो.

जीपचा पिटमन आर्म दाते असलेल्या शाफ्टवर बसतो आणि त्याचा पुलर जाड, वेगळ्या आकाराचा असतो. त्याच्या नटाचा टॉर्क १०० न्यूटन-मीटरच्या बराच वर जाऊ शकतो. खूण न करता तो काढला तर परत बसवताना स्टेअरिंगचा मध्य हरवतो.

टो-इन तात्पुरते जुळवणे

अलाइनमेंटचे यंत्र आपल्याकडे तालुक्याला नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी असते, आणि तिथपर्यंत गाडी सुरक्षित न्यायची असते. त्यासाठी घरी टो-इन पाहता येते. पुढची चाके उचलून फिरवावीत आणि प्रत्येक टायरच्या मध्यावर खिळा स्थिर धरून एक बारीक रेघ पाडावी, ती पांढऱ्या पेंटने ठळक करावी. गाडी खाली उतरवून सपाट जागेवर दोन-तीन मीटर पुढे ढकलावी, म्हणजे चाके नैसर्गिक जागी बसतात. आता चाकांच्या पुढच्या बाजूला, मध्याच्या उंचीवर, दोन्ही रेघांमधील अंतर मोजावे आणि त्या बिंदूंवर खूण करावी. गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा कमी असेल तर तेवढे टो-इन, जास्त असेल तर टो-आउट. अनेक लहान गाड्यांत हा फरक शून्य ते दोन मिलिमीटरच्या आत अपेक्षित असतो. दुरुस्ती करायची झाल्यास दोन्ही बाजूंच्या दांड्या सारख्याच फिरवाव्यात, नाही तर गाडी सरळ चालताना स्टेअरिंग वाकडे दिसते. त्यानंतर दोन्ही लॉक नट दांडी धरून पक्के करावेत.

मग चाकाचे नट टॉर्कने, ताऱ्याच्या आकारात समोरासमोर घट्ट करावेत आणि गाडी गावातल्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरपेक्षा कमी वेगाने चालवून पाहावी. स्टेअरिंग सोडल्यावर आपोआप मध्यावर यायला हवे, गाडी एका बाजूला ओढू नये आणि वळताना टकटक येऊ नये. यातले काही बिघडलेले वाटले तर महामार्गावर न जाता परत येऊन तपासावे. सगळे ठीक वाटले तर अलाइनमेंट केंद्रावर गाडी न्यावी. तिथल्या कामगाराला कोणता सांधा बदलला ते सांगावे, आणि त्याने दांडी फिरवली असेल तर निघण्यापूर्वी लॉक नट पुन्हा घट्ट केला का, हे स्वतः वाकून पाहावे. साधारण ५०० किलोमीटर चालल्यावर स्प्लिट पिन जागेवर आहे का, बूट कोरडा आहे का आणि चाकाच्या नटांचा टॉर्क कायम आहे का, एवढे पुन्हा एकदा तपासून घ्यावे.